मैनाकाकी आणि डाव्या अंगाचा बैल

जयगडच्या रस्त्याला, सड्याच्या उघड्या कातळावर, एक फाटक लागतं. फाटकावर निळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलंय : ‘इथे कोणाच्याही मानेवर जू नाही.’ आत गुरांचा निवारा आहे. ट्रकनं उडवलेल्या म्हशी, तारेच्या कुंपणात पाय फाडून घेतलेल्या शेळ्या, दात गेले म्हणून सोडून दिलेले बैल, आणि कुठून आलं ते कुणालाच माहीत नाही असं एक गाढव. निवाऱ्याचं खरं नाव ‘सोबत’. पण त्या नावानं वाड्यांत चौकशी कराल तर लोक माना हलवतील. ‘लंगड्यांचा कॉलेज’ विचारा, शेंबडं पोरसुद्धा रस्ता दाखवील.

या कॉलेजात रोज सकाळी सातला हजेरी होते. हजेरी घेणारी मैना केरू गोताड. वय अठ्ठावन्न, उंची फाटकाच्या कडीपर्यंत, आवाज खाडीपलीकडे जाईल एवढा.

“काय गो म्हशीबाय, पाय बरा हाय ना? मंग काल पेंड का टाकलीस? माज आला?”

“गाढवा, तू हायस. तू कुटं जातंस!”

“मास्तर, ओ मास्तर! सरका वाईच. सगळा दार अडवून काय शिकवताय?”

मास्तर म्हणजे एका डोळ्यानं आंधळा म्हातारा बैल. आंधळी बाजू, म्हणजे उजवी, दिवसभर भिंतीला लावून रवंथ करत उभा. चेहरा असा, की आता कुणाची तरी शुद्धलेखनाची वही तपासतोय आणि फार निराश झालाय.

मैनाकाकी बैलांशी अशी बोलते याचं कुणाला नवल वाटत नाही, कारण तिची निम्मी जिंदगी बैलांच्या मागं चालण्यात गेली. तीही गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

लग्न होऊन वाडीत आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची. नवरा केरू हळद उतरायच्या आत मुंबईला परत गेला, कुठल्याशा ऑफिसच्या कँटीनमध्ये. गणपतीला यायचा, शिमग्याला यायचा, येताना बिस्किटांचे पुडे आणि मुंबईची भाषा घेऊन यायचा. घरात उरले सासरे, दोन बैल आणि भातखाचराचे चार कुणगे. एका पावसाळ्यात सासऱ्यांची कंबर धरली ती सुटलीच नाही. नांगरणारे गडी ‘आज येतो, उद्या येतो’ करत आपापल्या चिखलात अडकले. लावणीची रोपं पिवळी पडायला लागली. तेव्हा एका सकाळी मैनानं पदर खोचला, बैल जुपले आणि नांगर धरला.

बाईनं नांगराला हात लावायचा नाही, असा गावाचा नेम. लावला तर पाऊस रुसतो म्हणे. पाऊस काही रुसला नाही, गावकी रुसली. देवळात बैठक बसली. गावच्या म्होरक्यानं तीनदा घसा खाकरला आणि देवीच साक्षात बोलतेय अशा थाटात निकाल दिला, “अडचण झाली, मान्य. पण न्येम तो न्येम. दंडाचा नारळ ठेव.”

मैनानं नारळ ठेवला. पुढच्या वर्षी मृगाच्या आधीच ती आपणहून देवळात हजर, हातात नारळ.

“ह्यो काय गो?”

“औंदाचा दंड. आदी घ्या, मंग मी नांगराला जातंय.”

अशी तेवीस वर्षं. शेवटी शेवटी गावकीला त्या नारळाची एवढी सवय झाली, की एका साली तिला उशीर झाला तर म्होरक्याचा माणूस निरोप घेऊन दारात : “मैने, यंदा नांगरत नाय काय?”

पुढे बैल थकले, वाडीत पॉवर टिलर आला, कँटीनमधून निवृत्त होऊन केरू घरी आला. घरात माणूस आलं आणि बैल गेले, हा बदल काही मैनाकाकीला मानवला नाही. सहा वर्षांपूर्वी ती निवाऱ्यात कामाला लागली.

तर, पवळ्याची गोष्ट.

कापणी झाली की सड्यावर गुरं मोकळी सोडतात. पलीकडच्या गावच्या राजारामनं आपली बैलजोडी अशीच सोडलेली. सगळीकडचं गवत वाळून गेलेलं, हिरवं उरलेलं फक्त चिऱ्याच्या जुन्या खाणीच्या काठाला. पवळ्या आणि बाळ्या, दोघं बरोबर चरत चरत काठाला गेले आणि बरोबरच खाली आले. पंधरा फूट. बाळ्या जागच्या जागी गेला. पवळ्याला पट्टे बांधून जेसीबीनं वर काढला आणि टेम्पोतून फाटकाशी आणला.

राजाराम टेम्पोतून उतरलाच नाही. पुढे बघत म्हणाला, “उठला तर तुमचा. नाय उठला तरी तुमचाच.” आणि गेला.

निवारा चालवणारी निशिगंधा मॅडम पुण्याची. तिशीतली, मोठी नोकरी सोडून आलेली, आणि मनानं इतकी चांगली की गाढवालासुद्धा ‘एक्सक्यूज मी’ म्हणते. तिनं येणाऱ्या प्रत्येक जनावराचं करते तसं पवळ्याचंही स्वागत केलं. वेसण कापली, गळ्यात झेंडूचा हार घातला, कपाळावर हात ठेवून म्हणाली, “आजपासून तू मोकळा हं, राजा.” मग त्याला सगळ्यांपासून लांब, शांत, एकट्याची खोली दिली. “काकी, ॲक्च्युअली ना, त्याला स्पेसची गरज आहे.”

“बैलाला पेस?” मैनाकाकी म्हणाली. “बैलाला कसली पेस! पेंडा आना आदी. खाली मऊ नको त्याला?”

जनावरांचे डॉक्टर महेंद्र रत्नागिरीहून आले. तरुण माणूस, बोलताना दर वाक्याला एक ‘बरं का’ ठेवतो, जणू समोरचा पळून जाईल. त्यांनी पवळ्याला तासभर तपासलं.

“हाड शाबूत आहे, बरं का. उजव्या मागच्या पायाची नस दबलीय, ती सुटेल. पण बैलाचं वजन साडेतीनशे किलो. पडून राहिला तर स्वतःच्या वजनानं चांगला पायही मारून घेतो, बरं का. पंधरा दिवसांत उभा राहिला तर राहिला.”

“आनि नाय ऱ्हायला तर?”

डॉक्टरांनी या वेळी ‘बरं का’ म्हटलं नाही. बॅग बंद केली.

उभा करायचा म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. जयगडच्या बंदरावरच्या एका तांडेलाकडून मैनाकाकीनं जुनं मासेमारीचं जाळं मागून आणलं. त्याची चौपदर घडी घातली, आतून गोणपाटं शिवली, ते पवळ्याच्या पोटाखालून घेतलं आणि खोलीच्या लोखंडी तुळईला टांगलेल्या चेनकप्पीला अडकवलं. निशिगंधा मॅडम साखळी ओढणार, काकी मागं पाठीनं टेका देणार. सकाळी एकदा, दुपारी एकदा. जाळं ताणायचं, पवळ्या वर यायचा. पुढचे पाय टेकायचा, मागचा डावा टेकायचा. आणि मग, दर वेळी, न चुकता, सगळं अंग उजवीकडे कलायचं. दुखऱ्या पायाकडे. पाय घसरायचा आणि तो जाळ्यात लोंबकळत राहायचा.

“डावीकडं, मेल्या! डावीकडं!” मैनाकाकी ओरडायची. “डावा चांगला हाय तुजा, त्याच्यावर ऱ्हाव की!”

पवळ्या उजवीकडेच.

नवव्या दिवशी, सोमवारी, त्याच्या पुठ्ठ्यावर पहिली जखम उमटली. डॉक्टरांनी ती साफ केली.

“दुखऱ्या पायावर कोणतंही जनावर भार टाकत नाही. हा टाकतोय. म्हणजे त्याला पाय कळतच नाहीत, बरं का. मार कण्यात आहे. माझं आधी चुकलं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “गुरुवारी सकाळी येतो. तोवर उभा राहिला तर ठीक. नाहीतर इंजेक्शन देऊ. त्याला असं कुजवणं बरं नाही, काकी.”

निशिगंधा मॅडम तिथेच रडायला लागली. मैनाकाकीनं पदराला हात पुसले.

“गुरवार म्हंजे अजून तीन दिस,” ती म्हणाली आणि जखमेला लावायला हळद-तेल आणायला गेली.

तेल लावता लावता तिचा हात मानेवर गेला. सवयीचा हात तो, बैलाची मान चाचपल्याशिवाय राहत नाही. जुवाखाली राबलेल्या बैलाच्या मानेला घट्टा पडतोच. पण पवळ्याचा घट्टा एका अंगाला जास्त होता. उजव्या अंगाला, बोटभर जाड, केस गेलेला. डावीकडे नुसती खरखरीत कातडी.

मैनाकाकीचा हात थांबला. मग तिनं दुसऱ्या हातानं पुन्हा बघितलं. मग ती उठून त्याच्या समोर जाऊन बसली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

जुवाला दोन्ही बैलांच्या मानेशी दोन दोन दांडके असतात, शिवळा. जो बैल जोडीदाराच्या अंगावर रेलून चालतो, त्याला आतली शिवळ घासते. पवळ्याला उजवी घासली होती. म्हणजे त्याचा जोडीदार कायम उजवीकडे.

तिनं राजारामला फोन लावला.

“हॅलोऽऽ! कोनऽऽ? जोरात बोला! आंब्यावर हाय मी, फवारनीला! हतंच रेंज येते!”

“मैना बोलतंय, लंगड्यांच्या कॉलेजातनं! पवळ्याला कुटल्या अंगाला जुपायचास?”

“डाव्याऽऽ! बारा वर्सं डाव्याच अंगाला! उजव्याला जुपला तर हलायचाच नाय, दगडागत उभा!”

“आनि चालायचा कसा?”

“चालायचा कुटं! निस्ता बाळ्यावर रेलायचा! बाळ्या त्याला सावरून घ्यायचा म्हनून त…”



“रेंज गेली,” राजाराम अगदी स्पष्ट म्हणाला, आणि फोन कापला.

आता मैनाकाकीला कळलं होतं. पवळ्याचा कणा मोडलेला नव्हता. तो उभा राहताना बाळ्यावर टेकायला जात होता आणि तिथे बाळ्या नव्हता. तिथे पुण्याहून आलेली स्पेस होती.

ती तडक निशिगंधा मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. “म्याडम, मी जू आनतंय. त्याला जुपूया.”

मॅडमनं हातातला चहा खाली ठेवला. “काकी, नाही. म्हणजे सॉरी, पण नाहीच. फाटकावर आपण काय लिहिलंय?”

“बैलाला वाचता येता?”

“काकी, प्लीज. मी त्याला सांगितलंय, तू मोकळा झालास म्हणून.”

“तुमी सांगितलाव, त्यानं आयकलान नाय. बारा वर्सं त्याच्या उजव्या अंगाला बाळ्या हुता. त्याला वाटतंय, बाळ्या आता येल, मंग उटू. मी त्याला नांगराला नाय जुपत. निस्ता जू मानंवर ठेवून बाजूला कोन तरी उबा करतंय. त्याला कळू दे, उबा ऱ्हायची येळ झाली.”

“आणि असं करून काही झालं नाही तर? त्याच्या शेवटच्या तीन दिवसांत आपण त्याला पुन्हा जू लावलं, असं होईल. मला नाही सहन होणार ते.”

हे ती मनापासून बोलत होती आणि मैनाकाकीला ते कळत होतं. म्हणून ती भांडली नाही. मंगळवारी सकाळी मॅडम ऑफिसच्या खोलीत आली तर तिच्या लॅपटॉपवर एक नारळ. शेंडीसकट.

“काकी, हे काय?”

“दंड. न्येम मोडायच्या आदी भरतंय. माजी पद्धत हाय.”

“पण आपल्याकडे दंडाची सिस्टिमच नाहीये!”

“मंग फोडा नि खोबरा खावा. जू आनायला मी चाललंय. दुपारची गाडी हाय.”

निशिगंधा मॅडम त्या नारळाकडे आणि दाराकडे आळीपाळीनं बघत राहिली. मैनाकाकी फाटकाशी पोचली तेव्हा मागून आवाज आला, “काकी! दहा मिनिटं! फक्त दहा मिनिटं ठेवायचं हं! आणि ओढायला काही लावायचं नाही!”

जू घरी माळ्यावर होतं. धूळ झटकून, तेल लावून मैनाकाकीनं ते बुधवारी सकाळच्या एसटीत चढवलं. बरोबर केरू होता. तो सीटवर बसल्याबरोबर खिडकीबाहेर बघायला लागला, म्हणजे या बाईशी आपला काही संबंध नाही असं दिसावं.

कंडक्टर येऊन जुवाला अडखळला. “आजी, हे काय? लगेज?”

“लगेज नाय. औषद हाय.”

“एवढं लांब औषध? कोण घेणार?”

“बैल.”

“मग खाली उतरवून हलवून द्या त्याला,” कंडक्टर म्हणाला आणि सगळी गाडी हसली. केरूनं मान खिडकीच्या आणखी बाहेर काढली.

निवाऱ्यात पोचल्यावर मात्र तो मोकळा झाला. पवळ्याभोवती एक फेरी मारून, कप्पी हलवून बघून, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यानं मत दिलं, “मुंबईला असता ना, तर एक फोन. क्रेन हाजीर. पाच मिन्टात खेळ खल्लास.”

“तुमी बाजूला व्हा. मास्तरला आनू दे.”

कारण जोडीदार म्हणून मैनाकाकीनं मास्तरला निवडलं होतं. निवाऱ्यात कामाचा बैल म्हणावा असा तोच एक. पवळ्याला जाळ्यात उचललं, मानेवर जुवाचं डावं टोक ठेवलं. जू मानेला लागताच पवळ्यानं कान उभे केले. दहा-अकरा दिवसांत पहिल्यांदा. निशिगंधा मॅडमनं साखळी धरल्या हातानंच तोंड झाकलं.

“बगितलाव? बगितलाव?” मैनाकाकी कुजबुजली आणि मास्तरला उजव्या टोकाखाली घातलं.

पुढच्या मिनिटाला जो गोंधळ झाला तो गाढवानंसुद्धा दारात येऊन बघितला. पवळ्या उजवीकडे रेलला, मास्तरच्या अंगावर. पण मास्तर टेका द्यायच्या ऐवजी स्वतःच उजवीकडे रेलायला लागला, जिथं कुणीच नव्हतं. तो भिंत शोधत शोधत सरकला, जू वाकडं झालं, पवळ्या ओढला गेला, जाळं झोक्यासारखं हेलकावलं. मास्तर भिंतीला टेकला आणि तिथे, शिवळ गळ्यात, समाधानानं रवंथ करायला लागला.

“बंद करा! काकी, बंद करा!” मॅडम ओरडली.

मैनाकाकीनं जू उतरवलं. पवळ्या खाली बसला. मग ती मास्तरच्या उजव्या बाजूला, भिंतीच्या फटीत शिरली. आंधळी बाजू म्हणून त्या अंगाला सहसा कुणी जातच नसे. तिनं त्याची मान चाचपली. उजवीकडेच घट्टा, बोटभर जाड.

“माजा मेलीचा डोसका!” तिनं कपाळावर हात मारून घेतला. “ह्यो पन डाव्या अंगाचा! तेवीस वर्सं नांगर धरला नि मान बगितल्याबिगर जुपला. रोज भित्तीला टेकून उबा ऱ्हातंय, सांगतंय मना, मी आपली त्याला मास्तर मास्तर करतंय!”

“मग आता उजव्या अंगाचा कोण?” मॅडमनं विचारलं.

तिघांनी इकडेतिकडे बघितलं. म्हशी. शेळ्या. गाढव.

“चला,” केरू म्हणाला. “झाला. केलंस ना तू, जमला तेवढा केलंस.”

“उद्या गुरवार हाय,” मैनाकाकी म्हणाली. “अजून गुरवार उजाडला नाय.”

गुरुवार उजाडला तेव्हा ती आधीच खोलीत होती. हजेरी घेतली नाही. गोणपाटाची जाड उशी करून तिनं जुवाच्या उजव्या टोकाला बांधली. निशिगंधा मॅडम आली, न विचारता साखळीजवळ जाऊन उभी राहिली. तिचे डोळे सुजलेले होते, पण साखळी तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. केरूही आलेला. “मी आपला बगायला आलोय,” असं त्यानं दारातच सांगून टाकलं होतं.

“मी जातंय उजव्या अंगाला,” मैनाकाकी म्हणाली आणि पदर खोचला. “ओडा, म्याडम.”

“थांब गो,” केरू म्हणाला.

“आता काय?”

“तू जुवाखाली गेलीस तर मागं कोन? हाक कोन मारनार? टेका कोन देनार?” तो थोडा घुटमळला. “मना हाक मारता येत नाय. सतराव्या वर्सापासनं चाय मारतोय मी. तुला येते.”

मैनाकाकी त्याच्याकडे बघत राहिली.

“काय बगतंस? सर.” केरूनं शर्ट काढून खुंटीला लावला, बनियनवर उभा राहिला आणि उशीखाली खांदा दिला. “लग्नाला एकोनचाळीस वर्सा झाली, जुवाखालीच हाय. आता खरोकरचा.”

जू वर उडू नये म्हणून मैनाकाकीनं त्याच्या बगलेखालून दोर घेऊन दोन गाठी मारल्या.

“बांदतंस काय मना?”

“उडला त डोसक्यात बसंल. गप ऱ्हावा.”

साखळी करकरली. जाळं ताणलं. पवळ्या वर आला. पुढचे पाय, मागचा डावा. मग रोजच्यासारखं सगळं अंग उजवीकडे झुकलं आणि या वेळी मधेच थांबलं. तिथे केरू होता. त्याचे गुडघे वाकले, गळ्याच्या शिरा फुगल्या, तोंडातून नुसता “हं… हं…” एवढाच आवाज आला, पण तो हलला नाही. पवळ्यानं नाक त्याच्या कानाशी नेलं. हुंगलं. फुर्र केलं. आणि बाळ्याच्या अंगावर बारा वर्षं टाकला होता तसा भार टाकला.

“टिकवा!” मैनाकाकी मागून म्हणाली.

“टिकवतोय!”

“पाय रुंद ठेवा!”

“माजेच दोन हायत, किती रुंद ठेवू!”

मैनाकाकीनं पवळ्याच्या दुखऱ्या पायाचा खूर दोन्ही हातांत घेतला आणि सपाट जमिनीवर टेकवला. मग तिथंच, त्याच्या मागं, आपल्या जागेवर उभी राहून तिनं हाक दिली. चिखलातली, लांबवलेली, पोटातून आलेली हाक : “होऽऽ राजाऽऽ… व्हो व्हो व्होऽऽ… चल रंऽऽ!”

पवळ्याच्या पाठीवरून एक थरथर गेली. मान वर आली, जुवासकट, आणि केरूसकट. डाव्या पायात जोर भरलेला दिसला. उजवा थरथरत होता, पण टेकलेला होता.

याच वेळी डॉक्टर महेंद्र दारात आले. हातात बॅग. आत एक बैल, जुवाला बनियनवरचा माणूस, मागं गाणारी बाई. त्यांनी बॅग हळूच खाली ठेवली.

“बरं का…” ते म्हणाले. मग त्यांची नजर जाळ्यावर गेली. जाळं पोटाखाली सैल लोंबत होतं. “साखळी कोणी धरलीय?”

“कोणीच नाही,” निशिगंधा मॅडम म्हणाली. तिचे दोन्ही हात मोकळे होते. “मी केव्हाची सोडलीय.”

डॉक्टर गुडघ्यावर बसले. दुखऱ्या खुराच्या फटीत त्यांनी बोटाच्या नखानं टोचलं. पवळ्यानं पाय झटकला, आणि पुन्हा ठेवला. डॉक्टरांनी पुन्हा टोचलं. पुन्हा झटकला.

“कळतंय त्याला,” डॉक्टर म्हणाले. “काकी, याला पाय कळतोय. कणा ठीक आहे.”

“मी सोमवारपासनं काय बोंबलतंय?” मैनाकाकी म्हणाली. “म्याडम, हूक काडा.”

“काकी, पडला तर?”

“पडला तर मागं मी हाय. काडा.”

निशिगंधा मॅडमनं एक क्षण डोळे मिटले. मग दोन्ही बाजूंचे हूक काढले. जाळं खाली पडलं. पवळ्या उभा. जाळं नाही, साखळी नाही. एका अंगाला केरू.

दाराबाहेर शेळ्यांसाठी आणलेला हिरव्या गवताचा भारा पडला होता. पवळ्यानं तो बघितला. डावं पुढचं पाऊल उचललं. टाकलं. उजवा मागचा पाय जमिनीवर खरडत ओढला गेला, अडखळला, आणि मग सपाट पडला.

“अरे… अरे… चालला!” केरू म्हणाला. “मैने, ह्यो चालला!”

“मंग तुमी पन चाला!”

दुसरं पाऊल. तिसरं. बारा दिवसांची भूक आणि बारा वर्षांची सवय, दोन्ही एकदम जागी झाली होती. पवळ्या दारातून बाहेर पडला, खरडत, लंगडत, पण थांबायचं नाव नाही. जू त्याच्या मानेवर, जुवाला केरू, केरूला दोन गाठी.

“अगो थांबव याला! मी बांदलेला हाय! डाक्टर, सोडवा हो मना! बूट पन गेला माजा!”

डॉक्टर धावले. मैनाकाकीनं हात आडवा घालून त्यांना जागच्या जागी थांबवलं. नजर पवळ्याच्या मागच्या उजव्या पायावरून हलली नव्हती.

“ऱ्हावा, डाक्टर. तुमी पावला मोजा,” ती म्हणाली आणि पवळ्याच्या मागून चालत केरूला ओरडली, “बारा दिस उटवतंय त्याला, आता थांबवू? उजव्या अंगाला ऱ्हावा नि चला!”